अमेरिकेतली इर्जिक



अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष एका पक्षाचा आणि काँग्रेसमध्ये बहुमत दुसऱ्याचं, अशी बातमी आली की आपल्याकडे पहिला प्रश्न ठरलेला: मग सरकार पडणार कधी? १९९९ साली वाजपेयींचं सरकार एका मताने पडलेलं आपण पाहिलंय, त्यामुळे हा प्रश्न तोंडात बसलाय. तिथे तो लागूच होत नाही. विधेयक हरलं म्हणून तिथला राष्ट्राध्यक्ष घरी जात नाही. तेव्हा विचारायचं ते असं: अमुक विधेयक कोणाच्या मतांवर झालं? मतं कुठून आली, ते विचारा. आज मला एवढंच सांगायचंय, आणि ते मी दोन-तीनदा सांगणार आहे, कारण तुम्ही विसरता.

शेतीवाल्यांना इर्जिक ठाऊक असेल. ज्याच्याकडे बैल कमी, तो मशागत अंगावर आली की गावाला हाक घालतो. शेजारीपाजारी आपापली अवतं घेऊन येतात, दिवसभरात रान नांगरून देतात. पैसे नाहीत, पोटभर जेवण, आणि उद्या त्यांची हाक आली की आपण जायचं. सावड वेगळी. सावडीत दोघा-तिघांनी हंगामभर बैल एकत्र जुंपायचे. आपल्याकडचं आघाडी सरकार म्हणजे सावड. मोडली की सगळंच रान पडून. अमेरिकेतला अल्पमतातला राष्ट्राध्यक्ष इर्जिकीवर शेती करतो. एक दिवस, एक रान. उद्याच्या रानाला नवी हाक.

१९४८ साल घ्या. राष्ट्राध्यक्ष ट्रुमन डेमोक्रॅट, दोन्ही सभागृहं रिपब्लिकनांकडे. आणि ट्रुमनना युरोप पुन्हा उभा करायला अब्जावधी डॉलर हवेत. त्यांनी बैल मागितले ते मिशिगनचे रिपब्लिकन सिनेटर आर्थर व्हँडनबर्ग यांच्याकडे. सिनेटच्या परराष्ट्र समितीचे ते अध्यक्ष. आता दुसऱ्याचे बैल आणले की जू कसं बांधायचं ते बैलवाला सांगणारच! व्हँडनबर्ग म्हणाले, ही योजना परराष्ट्र खात्याच्या हाती नको. स्वतंत्र संस्था काढा, वर उद्योगधंद्यातला माणूस बसवा. ट्रुमननी ऐकलं. स्टुडबेकर मोटार कंपनीचे पॉल हॉफमन, तेही रिपब्लिकन, प्रमुख झाले. योजनेला ट्रुमननी स्वतःचं नाव लावू दिलं नाही. ते नाव दिसलं की रिपब्लिकन ती बुडवतील, हे ते ओळखून होते. नाव लागलं परराष्ट्रमंत्री मार्शल यांचं. सिनेटमध्ये ६९ विरुद्ध १७, ३ एप्रिलला सही, आणि चार वर्षांत सुमारे १३ अब्ज डॉलर युरोपला गेले. मतं कुठून आली? समोरच्या बाकांवरून.

गंमत पुढेच आहे. त्याच वर्षी निवडणुकीत ट्रुमन आगगाडीतून गावोगाव फिरले, याच काँग्रेसला ‘काहीही न करणारी’ म्हणून झोडपलं, आणि जिंकले! याला ढोंग म्हणू नका. बांधाचं भांडण वेगळं, नांगरणी वेगळी. आणि प्रत्येक रानाला इर्जिक मिळते असंही नाही. कामगार संघटनांना वेसण घालणारा टाफ्ट-हार्टली कायदा ट्रुमननी १९४७ मध्ये नकाराधिकार वापरून अडवला. काँग्रेसने तो नकार ओलांडून कायदा केलाच.

दुसरं रान १९८३ चं. रेगन राष्ट्राध्यक्ष, पण प्रतिनिधीगृह सभापती टिप ओनील यांच्या डेमोक्रॅट पक्षाकडे. म्हाताऱ्यांच्या पेन्शनचा, सोशल सिक्युरिटीचा, निधी आटत आलेला. ॲलन ग्रीनस्पॅन यांच्या अध्यक्षतेखाली दोन्ही पक्षांचा आयोग बसला. रेगन यांच्या बाजूने करवाढ पत्करली, ओनील यांच्या बाजूने निवृत्तीचं वय हळूहळू ६५ वरून ६७ वर जाणं पत्करलं. लोकांना न आवडणारं काम होतं, म्हणून दोघांनी खांदा दिला. एकट्याने दिला असता तर दुसऱ्याने पुढच्या निवडणुकीत त्यावरच मतं मागितली असती. तिकडे स्थायिक झालेली आपली मुलं फोनवर सांगतात ना, ‘इथे कोणी काही करत नाही’ म्हणून? त्यांना विचारा, पूर्ण पेन्शनसाठी तुम्ही ६७ वर्षं धरता, ती ठरवली कोणी?

आता एक अवघड गोष्ट. कधी कधी घरचेच बैल बुजतात. शेजाऱ्याचे बैल दावणीला दिसले की यांना जू नको. केविन मॅकार्थी यांचं तेच झालं. प्रतिनिधीगृहात रिपब्लिकन बहुमत काठावरचं. सभापती व्हायलाच त्यांना मतदानाच्या १५ फेऱ्या लागल्या. मे २०२३ मध्ये सरकारच्या कर्जमर्यादेचं विधेयक झालं, त्यात डेमोक्रॅट मतं १६५ आणि त्यांच्या स्वतःच्या पक्षाची १४९. सप्टेंबरअखेर खर्चाच्या मंजुरीअभावी सरकारी कामकाज बंद पडू नये म्हणून पुन्हा डेमोक्रॅट मतंच उपयोगी आली. तीन दिवसांत त्यांच्याच पक्षातल्या आठ जणांनी त्यांना खाली खेचलं. आणि डेमोक्रॅटांनी वाचवलं नाही. का? त्यांचा एक मोठा राग असा, की मे महिन्यात ठरलेला खर्चाचा आकडा मॅकार्थी नंतर खाली ओढू लागले. इर्जिकीला आलेल्याची हाक विसरलात की पुढच्या खेपेला तुमच्या रानात कोणी पाऊल टाकत नाही.

नंतरचे सभापती माइक जॉन्सन, तेही रिपब्लिकन. २० एप्रिल २०२४ ला युक्रेनच्या मदतीचं विधेयक ३११ विरुद्ध ११२ ने झालं. ते ११२ सगळे जॉन्सन यांच्याच पक्षाचे! बाजूने त्यांचे १०१, समोरचे २१०. मग मे महिन्यात त्यांनाही काढायचा ठराव आला, तेव्हा १६३ डेमोक्रॅटांनी तो बाजूला सारायला हात दिला. नीट ऐका, मी तेच पुन्हा सांगतोय: कोणाचं राज्य आहे हे विचारून यातलं काहीही कळलं नसतं.

बहुमतवाल्यांचीही यातून सुटका नाही, बरं का. सिनेटमध्ये बहुतेक विधेयकांची चर्चा थांबवायलाच १०० पैकी ६० मतं लागतात. २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष, दोन्ही सभागृहं, सगळं एकाच पक्षाकडे. पण सिनेटमध्ये जागा ५३. खर्चाच्या विधेयकाला साठ मतं मिळेनात म्हणून सरकारी कामकाज ४३ दिवस बंद राहिलं, आणि समोरच्या बाजूची मूठभर मतं आली तेव्हाच सुरू झालं. अर्थसंकल्पाशी निगडित विधेयकांना या साठच्या अटीला वळसा घालता येतो, ती वाट मला खरं तर सविस्तर सांगायची होती, कारण हल्ली मोठी विधेयकं तिथूनच… पण स्टुडिओच्या काचेपलीकडून वेळ संपल्याची खूण झाली आहे.

तेव्हा एवढं करा. अमेरिकेत अमुक कायदा झाला असं वाचलं की सही करतानाच्या फोटोवर थांबू नका. दोन्ही बाजूंच्या मतांचा आकडा बातमीत शोधा. नसेल तर संपादकांना पत्र लिहून मागा. मी लिहितो, तुम्हीही लिहा.