यानाच्या पोटातली रांगती वाट

अंतराळयान म्हटलं की डोळ्यांपुढे कप्तानाची खुर्ची येते आणि तिच्यासमोरचा भला मोठा पडदा. आज तिकडे जायचं नाही. भिंतीतलं एक झाकण काढायचं आणि गुडघे टेकून यानाच्या पोटात शिरायचं. ‘स्टार ट्रेक’ या अंतराळमालिकेचे चाहते या जागेला ‘जेफरीज ट्यूब’ म्हणतात.

हे नाव मॅट जेफरीज या कलादिग्दर्शकाचं. १९६६ साली सुरू झालेल्या मूळ मालिकेतलं ‘एंटरप्राइज’ हे यान त्यानेच आखलं. गडी विमानवेडा, दुसऱ्या महायुद्धात बॉम्बफेकी विमानांतून हिंडलेला. यंत्र म्हटलं की बिघडणार, हे त्याला पक्कं ठाऊक. मग दुरुस्तीसाठी माणसाला निर्वात पोकळीत कशाला धाडायचं? म्हणून त्याने यंत्रं आत घेतली आणि यानाचं अंग बाहेरून गुळगुळीत ठेवलं.

यंत्रापर्यंत आतूनच रांगत जायचं, ही निव्वळ कल्पनेची भरारी नव्हती. अमेरिकेच्या बी-३६ या अवाढव्य बॉम्बफेकी विमानात पुढच्या आणि मागच्या केबिनला जोडणारा सुमारे ८५ फुटी बोगदा होता. त्यात चाकांच्या फळीवर उताणं पडून, दोर ओढत जायचं. पंखाचं मूळ तर इतकं जाड, की उडत्या विमानात आतून इंजिनापर्यंत पोचता येई!

१९६९च्या ‘दॅट विच सर्व्हाइव्ज’ या भागात या वाटेचं सोनं झालंय. यानाचा वेग आवरेना, स्फोटाला पंधराएक मिनिटं उरलेली. मुख्य अभियंता स्कॉटी अरुंद नळीत शिरतो. हाती एक चुंबकी सळई, पुढ्यात धगधगती ऊर्जा. हात चुकला तर नळीचा तो भाग त्याच्यासकट उडवून यानापासून तोडायचा. सुरुंग त्याने स्वतःच लावून ठेवलेत. वर यानाचा अधिकारी स्पॉक थंडपणे वेळेचे दशांश मोजतोय आणि स्कॉटी वैतागतोय. कामात असताना कुणी डोक्यावर बसून घड्याळ सांगू लागलं की कुठल्याही मिस्त्रीचं हेच होतं.

पुढच्या मालिकांत या नळ्या आडव्या, लांबलचक झाल्या. सेटचा तोच तुकडा वेगवेगळे मजले म्हणून खपवता येतो, निर्मात्याची सोयच. पण माझ्या मते तिथे दुरुस्ती कमी आणि लपाछपी जास्त. शत्रूने यान बळकावलं की शिरा नळीत! शिवाय तिथे काजळी नाही, तेलाचा डाग नाही.

आणि खरं, आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक? तिथली बरीच यंत्रणा बाहेरच बसवलेली आहे. जेफरीजला जे टाळायचं होतं, तेच तिथे करावं लागतं. २०१० साली शीतकरणाचा एक पंप बंद पडला. डग व्हीलॉक आणि ट्रेसी कॉल्डवेल डायसन हे अंतराळवीर अवजड पोशाख चढवून तीनदा बाहेर गेले. पहिल्या खेपेला अमोनियाच्या नळीचा एक जोड निघता निघेना. दुसऱ्या खेपेला जुना पंप सुटला, तिसऱ्या खेपेला नवा बसला.