पडद्यामागचा कोरस

८ जून १९१२. पॅरिसच्या शातले थिएटरात द्यागिलेव्हच्या ‘बॅले रूस’ मंडळींनी ‘दाफ्निस आणि क्लोए’चा पहिला प्रयोग केला. नृत्यरचना फोकिनची, नाचायला निजिन्स्की आणि कार्साविना, आणि संगीत मोरिस रावेलचं. पिएर माँतोच्या हाताखाली भलामोठा ऑर्केस्ट्रा होता, आणि त्याच्या जोडीला कोरस.

या कोरसला गायला एकही शब्द नाही. नुसता स्वर. बॅलेमध्ये कथा सांगायची ती पावलांनी आणि हातांनी. म्हणून रावेलनं गळ्याकडून अर्थ मागितला नाही, वातावरण मागितलं.

ते कसं साधतं, हे पहिल्या भागाच्या शेवटी कळतं. चाच्यांनी क्लोएला पळवलेलं असतं. रंगमंचावर अंधार पसरतो, वाद्यं थांबतात आणि पडद्यामागून फक्त कोरस ऐकू येतो. दूरवरून हॉर्न आणि ट्रम्पेटची साद येते. मग चाच्यांच्या तळावरचा दांडगा नाच सुरू होतो. गाणाऱ्यांच्या दृष्टीनं ही जागा फार अवघड. साथीला वाद्यं नाहीत, स्वर तसूभर उतरला तरी ऑर्केस्ट्रा परत येताच तो उघडा पडणार.

असा कोरस उभा करायचा म्हणजे खर्च आला. रावेलनं लहान गावांतल्या प्रयोगांची सोय म्हणून कोरसाशिवायची पर्यायी मांडणी करून दिली होती. १९१४ साली द्यागिलेव्हनं तीच थेट लंडनमध्ये वापरली. रावेल भडकला आणि त्यानं लंडनच्या वर्तमानपत्रांना जाहीर निषेधाचं पत्र धाडलं. त्याचा राग रास्तच होता. तो कोरस त्याच्या रचनेचा कणा होता, आणि लंडन काही लहान गाव नव्हे.

कोरसच्या खर्चाचा हा प्रश्न आजही मिटलेला नाही. चायकोव्हस्कीच्या १८९२ सालच्या ‘नटक्रॅकर’मध्ये हिमकणांच्या नाचाला असाच शब्दांवाचूनचा कोरस आहे, पुष्कळदा तो लहान मुलं गातात. काही ठिकाणी ऑर्केस्ट्रा जिवंत असतो, पण कोरस मात्र ध्वनिमुद्रित. तिथं खरी अडचण लयीची होते. संचालक एरवी नर्तिकेच्या उडीवर नजर ठेवून असतो, तिला श्वासभर उसंत हवी असेल तर हात किंचित रोखतो. पडद्यामागची मुलं आता मॉनिटरवर त्याचा हात पाहून गातात, म्हणून त्याच्याबरोबर तीही थांबू शकतात. ध्वनिमुद्रण थांबत नाही. मग नर्तिकेलाच घाई करावी लागते.