सुरंजान, सोरायसिस आणि स्पर्श

पावसाळ्यात कुंपणावर लाल-पिवळी कळलावी फुलते. तिच्या कंदात नि बियांत कोल्चिसीन असते. हकीम सांधेदुखीवर देतात त्या सुरंजानातही तेच. १८२० साली पॅरिसमध्ये ते वेगळे काढले गेले. गाउटमध्ये सुजल्या सांध्याकडे धावणाऱ्या पांढऱ्या पेशींना ते आवरते. सोरायसिसच्या चट्ट्यांतही या पेशी जमतात, म्हणून १९८०च्या सुमारास डॉक्टरांनी ते तिथेही देऊन पाहिले. काहींना गुण आला; पण पोट बिघडते आणि मात्रा चुकली तर जीवही जातो. सोरायसिसवरचे ते नेहमीचे औषध झाले नाही. तेव्हा कळलावीचा कंद कुणी उगाळून दिला, तर घेऊ नका.

एका गोष्टीला मात्र चाचणीची गरज नाही. सोरायसिस स्पर्शाने पसरत नाही. तरी महारोग समजून सोयरिकी मोडतात, पंगतीत शेजारचा पाट रिकामा राहतो. आपल्याच जिल्ह्यात, सेवाग्रामला, कुष्ठरोगी परचुरे शास्त्रींना गांधीजी स्वतः मालिश करत. आपल्याला तर नुसते शेजारी बसायचे आहे.