अनामिकेचा कुलशोध

घर सोडून गेलेलें मूल परक्या गांवीं मरण पावलें, तर त्याचें नांव तेथें कोणी सांगावें? अमेरिकेंतील टेक्सास राज्यांत हा प्रश्न ४१ वर्षें अनुत्तरित राहिला होता.

सन १९८० च्या ऑक्टोबरअखेर हंट्सव्हिल गांवीं एक मुलगी एकटीच आली. एलिस नांवाच्या तुरुंगाकडे जाणारी वाट ती विचारीत होती. उपाहारगृहांतील एका सेविकेनें आईबापांविषयीं चौकशी केली, तेव्हां ‘कोणाला पर्वा आहे!’ अशा अर्थाचें उत्तर तिनें दिलें. दुसरे दिवशीं, १ नोव्हेंबर रोजीं, हमरस्त्याच्या कडेला तिचें प्रेत सांपडलें. तिचा खून झाला होता. तिचें चित्र तुरुंगांतील लोकांस दाखविण्यांत आलें; पण कोणींच तिला ओळखलें नाहीं. अखेर गांवच्या दफनभूमींत अनामिक म्हणूनच तिला मूठमाती मिळाली.

पुढें डीएनए या आनुवंशिक द्रव्याची परीक्षा करण्याची विद्या आली. परंतु पोलिसांच्या नेहमींच्या पद्धतींत त्यांतील मोजक्याच खुणा ताडून पाहतात. ती व्यक्ति किंवा तिचा अगदीं जवळचा आप्त दप्तरांत नसेल, तर तेथें कांहींच उमगत नाहीं. कुलशोधाची पद्धत याहून निराळी आहे. तींत लक्षावधि खुणा वाचल्या जातात. ज्यांनीं हौसेनें आपला डीएनए नोंदविला व पोलिसांस पाहूं दिला, अशा लोकांशीं त्या ताडतात. ज्यांचे खापरपणजोबा एक, अशा दूरच्या भावंडांतही डीएनएचे थोडे तुकडे बहुधा समान आढळतात. त्या धाग्यानें आधीं समान पूर्वजापर्यंत वर चढावयाचें. मग जन्म, विवाह व मृत्यु यांच्या नोंदी आणि खानेसुमारीचीं पत्रकें चाळीत एकेक शाखा खालीं उतरावयाची. प्रयोगशाळा केवळ घराणें दाखविते; नांव शोधावें लागतें तें कागदपत्रांतून, आणि जवळच्या आप्ताचा डीएनए जुळला म्हणजे तें पक्कें होतें.

टेक्सासमधीलच ऑथ्राम प्रयोगशाळेच्या साह्यानें हें कार्य सिद्धीस गेलें व नोव्हेंबर २०२१ मध्यें मुलीची ओळख जाहीर झाली. तिचें वय अवघें १४ वर्षांचें होतें. तिचें घर दीड हजारांहून अधिक किलोमीटर उत्तरेस, मिनेसोटा राज्यांत होतें. ती वारंवार शाळा चुकविते, म्हणून तिला आईबापांपासून काढून सरकारी ताब्यांत ठेवण्यांत आलें होतें; त्यानंतर ती निघून गेली. तिला लहान मुलें, जनावरें व घोड्यावरील रपेट आवडत असे, असें घरच्यांनीं निवेदनांत सांगितलें. खुनी मात्र त्या वेळींही अज्ञातच होता.

तिची पर्वा करणारीं माणसें होतीं. परंतु हें जगास कळलें, तेव्हां तिचे आईबाप हयात नव्हते. विज्ञानानें तिचें नांव परत दिलें; गेलेलीं वर्षें देणें त्याच्या हातीं नव्हतें. वर्गांतील एखादी जागा वारंवार रिकामी दिसूं लागली, तर शिक्षा ठरविण्यापूर्वीं त्या मुलाजवळ बसून कारण विचारावें. आपली कोणाला पर्वा नाहीं, ही समजूत त्याच्या मनांत रुजण्याआधींच तें विचारलें जावें.