आधी पिशवीचं विचारा, मग दुर्बिणीचं

मंडळी, विषय दिला आहे ‘गर्भाशयाच्या गाठी : पोट उघडून की दुर्बिणीने?’ या गाठी, म्हणजे फायब्रॉइड, कॅन्सर नव्हेत, हे तुम्हाला ठाऊक आहे. तेव्हा पुढे जाते.

कारंज्याला, अमरावतीला गेलात की तुम्ही विचारता, ‘दुर्बिणीनं होते का?’ त्याआधीचा प्रश्न राहूनच जातो : गाठ काढणार की पिशवी, म्हणजे गर्भाशयच? दुर्बिणीनेही पिशवी जाते आणि पोट उघडूनही ती वाचते.

गाठीवर चीर दिली की ती शेंगेतल्या दाण्यासारखी सोडवता येते. खरं कसब पुढचं : उरलेला खड्डा थराथराने शिवणं. शिवण कच्ची राहिली तर पुढच्या गरोदरपणात पिशवी तिथे फाटू शकते. क्वचित घडतं, पण घडतं. दुर्बिणीत हे टाके पडद्याकडे बघत, लांब दांड्याच्या हत्यारांनी घालायचे. डॉक्टरांचा हात बसलेला असेल तर एक-दोन गाठींना मी दुर्बीणच सांगेन. दुखणं कमी, घरी लवकर. गाठी पुष्कळ आणि खोल असतील तर पोट उघडून बोटांनी चाचपता येतं, बारकी गाठही हाताला लागते. मोठी गाठ दुर्बिणीत तुकडे करून काढतात. तिच्यात क्वचित लपलेला कॅन्सर असला तर तो पोटात पसरू शकतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2014 मध्ये दिला. तुकडे थैलीत करणार का, हे विचारा.

(समोरून : ‘बाई, तुम्ही दुर्बिणीच्या विरोधात हाये का?’) मुळीच नाही! 1990 साली मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात डॉ. उडवाडियांनी देशात पहिल्यांदा दुर्बिणीने पित्ताशय काढलं, त्याचा मला अभिमान आहे.

पण लंडनचे डॉ. व्हिक्टर बॉनी यांची गोष्ट सांगू द्या. लग्नानंतर त्यांच्या पत्नीची पिशवी गाठीपायी काढली गेली. मूल झालं नाही. स्त्रीरोगतज्ज्ञ असलेला हा माणूस मग आयुष्यभर फक्त गाठ काढण्याच्या शस्त्रक्रियेमागे लागला. रक्तस्राव थोपवायला चिमटा तयार केला, तो आजही त्यांच्या नावाने ओळखतात. 1946 मध्ये याच शस्त्रक्रियेच्या बारकाव्यांवर पुस्तक लिहिलं. सगळं पोट उघडून! दुर्बीण नव्हती, पण पिशवी वाचवायची जिद्द होती...

(मागून एक आजी : ‘पोरं झाले, आता पिशवी ठेवून कराचं काय?’ महिलांत हशा.) आजी, रक्त थांबत नसेल, औषधं करून झाली असतील, तर काढावी, मीही काढते. पण त्रास नसेल तर पाळी गेल्यावर गाठी आकसतात, तेव्हा घाई कशाला? बीडमध्ये 2019 च्या सरकारी समितीपुढे काय आलं? ऊसतोडीच्या 82,309 बायकांपैकी 13,861 जणींच्या पिशव्या काढलेल्या. पोट उघडून की दुर्बिणीने, याने त्यांना काय फरक पडला?

वेळ संपल्याची अध्यक्षांची चिठ्ठी आली. रक्तक्षयाचं बोलायचं राहिलं, तरी शस्त्रक्रियेआधी हिमोग्लोबिन वाढवून घ्या. आणि ज्यांची तारीख ठरली आहे त्यांनी सही करण्याआधी दोन गोष्टी विचारा : पिशवी राहील का, आणि शिवण कोण घालणार? उत्तर मिळेपर्यंत कागदाला हात लावू नका. नवऱ्यालाही लावू देऊ नका.