पहाटेचा व्यायाम आणि रात्रीचे जेवण

तापीच्या उत्तर तीरावर वसलेले बुऱ्हाणपूर उजाडण्यापूर्वीच जागे होते. राजघाटाच्या पायऱ्यांवर स्नानाला आलेल्यांचे आवाज उमटू लागतात. यंत्रमागांच्या वस्तीतून रात्रपाळीचे मजूर घराकडे परतू लागतात. आणि त्याच रस्त्यांनी, उलट दिशेने, तरुणांची लहान लहान टोळकी धावण्यासाठी शहराबाहेर पडतात. कोणाला सैन्यात भरती व्हावयाचे असते, कोणाला पोलिसांत. कोणी तालमीत जोर-बैठका काढावयास जातो, तर साठी उलटलेला एखादा गृहस्थ डॉक्टरांच्या सांगण्यावरून नदीच्या बाजूने फेरफटका मारतो. आरोग्य आणि बळ मिळविण्यासाठीच या सर्वांची ही धडपड असते. परंतु एका साध्या प्रश्नावर मात्र त्यांचे एकमत होत नाही. घरातून निघताना पोटात काही असावे की नसावे?

तालमीतील जुनी मंडळी सांगतात की, व्यायाम अनशापोटीच करावा, खाऊन काढलेले जोर अंगी लागत नाहीत. घरातील आजी म्हणते, "उपाशी बाहेर पडू नकोस, बाळ, चक्कर येईल." शिकलासवरलेला नातू कोठेतरी वाचलेले सांगतो की, रिकाम्या पोटी धावले म्हणजे चरबी लवकर झडते. आणि बहुसंख्य लोक या वादात न पडता कपभर गोड चहा घेऊन चालू लागतात. या चौघांतील कोणाचेही म्हणणे सर्वस्वी चूक नाही. पण कोणाचेही पुरतेपणी खरेही नाही. असे का, हे थोडे खोलात शिरून पाहिले पाहिजे.

हा प्रश्न आजचा नाही. आपल्या प्राचीन वैद्यकाने त्याचा विचार केलेला आहे, आणि तोही दोन्ही बाजूंनी. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात व्यायाम कोणी करू नये, याची जी गणना आहे तिच्यात नुकताच जेवलेला मनुष्य येतो. वाग्भटाने अष्टांगहृदयात अजीर्ण झालेल्याला मनाई केली आहे. एवढ्यावर थांबले तर तालमीतील वृद्धांचा पक्ष बळकट झाला, असे वाटेल. पण चरकसंहितेच्या प्रचलित पाठात, सूत्रस्थानाच्या सातव्या अध्यायात, व्यायाम वर्ज्य असलेल्यांमध्ये भुकेला आणि तहानलेला यांचीही नावे आहेत. म्हणजे भरल्या पोटाने व्यायाम करू नये, हे जितके शास्त्रोक्त, तितकेच भुकेल्या पोटाने करू नये, हेही शास्त्रोक्त. या दोन निषेधांमध्ये जी जागा उरते, ती अशा माणसाची, ज्याचे मागचे अन्न पचले आहे, पण ज्याला भुकेने ग्रासलेले नाही. पोट हलके असणे आणि पोट उपाशी असणे यांतील हा भेद लक्षात आला की, अर्धा वाद तेथेच मिटतो.

आधुनिक शरीरशास्त्र याच भेदाची कारणे सांगते. जेवणातून मिळालेल्या साखरेचा काही भाग शरीर ग्लायकोजेन या रूपाने साठवून ठेवते. प्रौढ माणसाच्या यकृतात असा साठा सुमारे १०० ग्रॅम असतो आणि स्नायूंमध्ये सुमारे ४०० ग्रॅम. हे दोन साठे म्हणजे जणू दोन निराळी कोठारे होत. स्नायूंचे कोठार त्या त्या स्नायूच्याच कामी येते. त्यातील साखर रक्तात उतरत नाही. यकृताचे कोठार मात्र साऱ्या देहासाठी खुले असते, आणि त्याचा मोठा ग्राहक म्हणजे मेंदू. मेंदूला दिवसाकाठी सुमारे १२० ग्रॅम साखर लागते, आणि मनुष्य झोपला म्हणून ही मागणी थांबत नाही. त्यामुळे पहाटेपर्यंत यकृताचे कोठार निम्म्याच्या आसपास रिते झालेले असते. स्नायूंचे कोठार मात्र, आदल्या दिवशी पुरेसे जेवण झाले असेल तर, बहुतेक भरलेलेच राहते. निरोगी मनुष्य सकाळी काही न खाताही अर्धा तास चालू शकतो, सूर्यनमस्कार घालू शकतो, जोर काढू शकतो, याचे रहस्य हेच. तो वस्तुतः उपाशी नसतो. तो रात्रीच्या जेवणावर व्यायाम करीत असतो.

तालमीच्या परंपरेचा अर्थही येथे उलगडतो. पहाटे अनशापोटी शेकडो जोर-बैठका काढणारे मल्ल केवळ उपासाच्या बळावर तसे करीत नसत. दूध, तूप, बदाम यांनी त्यांचे शरीर आदल्या दिवसापासूनच भरलेले असे, आणि मेहनत संपताच थंडाई किंवा भिजवलेले हरभरे तयार असत. शिष्याच्या खुराकाची चिंता वाहणे हे वस्तादाचे कर्तव्यच मानले जाई. म्हणून ज्याच्या घरी हा खुराक नाही, त्याने केवळ अनशापोटी मेहनत करण्याचा नियम उचलला, तर तो परंपरेचा अर्धाच भाग पाळतो, आणि दुर्दैवाने तोच अर्धा, जो एकटा घातक ठरतो.

भरल्या पोटाच्या व्यायामाचा तोटा सर्वांच्या अनुभवाचा आहे. जेवणानंतर पचनेंद्रियांना रक्ताचा अधिक पुरवठा लागतो, आणि धावू लागताच स्नायूही तेच मागू लागतात. या ओढाताणीत दोन्ही कामे बिघडतात. मळमळ, पोटात कळ, करपट ढेकर ही त्याची लक्षणे. लग्नसराईत रात्री अकरा वाजता पंगतीतून उठलेला मनुष्य पहाटे पाच वाजता मैदानावर गेला, तर त्याने सकाळी काही खाल्ले नसले तरी तो उपाशीपोटी आहे, असे म्हणता येणार नाही. वाग्भटाने मना केलेला अजीर्णी तो हाच.

आता चरबीचा मुद्दा. रिकाम्या पोटी मध्यम गतीने धावताना किंवा चालताना शरीर इंधन म्हणून चरबीचा वापर अधिक प्रमाणात करते, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. परंतु त्या एका तासात अधिक चरबी खर्ची पडली म्हणजे महिनाअखेर अंगावरील चरबी अधिक कमी झाली, असा निष्कर्ष निघत नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका प्रयोगात २० तरुण स्त्रियांचे दोन गट केले होते. दोन्ही गटांना आहार नियंत्रित दिला. आठवड्यातून तीन दिवस, एकेक तास व्यायाम, असा चार आठवड्यांचा क्रम होता. एक गट व्यायाम उपाशीपोटी करी, दुसरा खाऊन. दोन्ही गटांचे वजन आणि चरबी घटली. पण दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. प्रयोग लहान होता, हे खरे. तथापि त्यामागचे तत्त्व समजण्यासारखे आहे. शरीराचा जमाखर्च तासाचा नसतो, दिवसाचा आणि आठवड्याचा असतो. सकाळी चरबी जाळून दुपारी भुकेच्या भरात दुप्पट जेवणाऱ्याच्या पदरी काहीच पडत नाही.

मग व्यवहारात कसे वागावे? व्यायाम किती वेळ आणि किती जोराचा, यावर उत्तर अवलंबून आहे. निरोगी मनुष्याला अर्ध्यापाऊण तासाच्या चालण्यासाठी, आसनांसाठी वा हलक्या मेहनतीसाठी आधी खाण्याची गरज नाही. इच्छा झाली तर थोडे खाण्यास हरकतही नाही. व्यायाम तासाहून अधिक चालणार असेल, तर आधी काही खाल्लेल्याचा दम अधिक टिकतो, असेच बहुतेक प्रयोगांत दिसून आले आहे. पूर्ण जेवण झाले असल्यास तीन तास जाऊ द्यावेत. पोहे, उपमा यांसारख्या न्याहारीनंतर दीड-दोन तास. आणि निघण्यापूर्वी अर्धाच तास हाती असेल, तर एखादे केळे पुरे.

केळ्यासाठी बुऱ्हाणपूरकरांना दूर जावयाचे कारण नाही. शेजारच्या रावेर-यावलप्रमाणे या जिल्ह्याची कृषिसंपत्तीच ती आहे. मध्यम आकाराच्या एका केळ्यात सुमारे २५ ग्रॅम कर्बोदके असतात, त्यात स्निग्धांश नाममात्र असतो, आणि ते पोटाला जड होत नाही. ते न मिळाले तर दोन-तीन खजूर किंवा गुळाचा खडा चालेल. याच शहराची कीर्ती जिने वाढवली, ती मावा जिलेबी मात्र धावण्यापूर्वीची नव्हे. तुपामुळे आणि खव्यामुळे तिचे पचन मंद होते. चहाबद्दल एवढेच म्हणता येईल की, तो तरतरी देतो, अन्न देत नाही. त्यापूर्वी एक-दोन पेले पाणी मात्र अवश्य प्यावे. वैशाखात जेथे पारा ४० अंशांच्या वर जातो, तेथे रात्रभर घामाने कोरडे पडलेले शरीर घेऊन धावू लागणे हे रिकाम्या पोटाहूनही अधिक धोक्याचे आहे. पहाटे मैदानावर येणाऱ्या पुष्कळशा घेऱ्या भुकेच्या नसून तहानेच्या असतात.

काही माणसांनी या सर्वसाधारण नियमांवर विसंबू नये. मधुमेहासाठी जे इन्सुलिन टोचून घेतात, किंवा इन्सुलिनचा स्राव वाढविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांची रक्तशर्करा उपाशीपोटीच्या व्यायामाने एकाएकी उतरू शकते. निघण्यापूर्वी ती ९० मिलिग्रॅमच्या खाली असेल, तर निदान १५ ग्रॅम कर्बोदके पोटात जावीत, आणि खिशात साखरेची पुडी असावी. हातपाय कापणे, दरदरून घाम फुटणे, बोलणे अडखळणे ही लक्षणे दिसताच थांबून प्रथम साखर खावी. घर जवळ आले म्हणून चालत राहू नये. औषधांचे प्रमाण आणि व्यायामाची वेळ यांचा मेळ डॉक्टरांच्या सल्ल्याने घालणे त्यांना आवश्यक आहे.

रोजे आणि उपास पाळणाऱ्यांनी व्यायाम बंदच करावा, असे नाही. त्या दिवसांत हलका व्यायाम रोजा सोडण्याच्या किंचित आधी आणि जोराचा व्यायाम रोजा सोडून थोडे खाल्ल्यानंतर करणे श्रेयस्कर. कारण तेव्हा पाणी हाताशी असते. यंत्रमागावर रात्र काढून आलेल्या कामगाराची पहाट ही त्याची संध्याकाळ होय. त्याच्या देहाला त्या वेळी अन्न आणि झोप हवी असते; मेहनतीची वेळ त्याने झोपेनंतर ठेवावी.

आता उरला तो भरतीसाठी धावणारा मुलगा. आणि हल्ली त्याच्याबरोबर धावणारी मुलगीही. सैन्यभरतीतील १.६ किलोमीटरची धाव काही मिनिटांत संपते. तेवढ्यासाठी पोटात नवे इंधन लागत नाही. परंतु त्यासाठी महिनोन्महिने जी मेहनत करावी लागते, ती रोजच्या अन्नावरच उभी राहते. ज्या घरी संध्याकाळी सातला भाकरी आणि पातळ कालवण एवढेच ताटात पडते, तेथील मुलगा पहाटे चारला उठून दहा किलोमीटर धावतो आणि परत आल्यावर चहाबरोबर दोन टोस्ट खाऊन कामावर जातो, तेव्हा त्याचा उपास हा निवडीचा नसतो. अशा देहाला व्यायाम बळ देत नाही. तो त्याच्याकडून उसने घेतो. मेहनतीच्या मानाने अन्न सतत अपुरे पडले, तर स्नायू झिजतात, हाडे ठिसूळ होतात, मुलींची मासिक पाळी थांबते. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीच्या तज्ज्ञांनी २०१४ साली या अवस्थेकडे जगभरच्या प्रशिक्षकांचे लक्ष वेधले. सुश्रुताच्या निषिद्धांच्या यादीत कृश मनुष्याचे नाव आहे, ते उगीच नव्हे. अशा मुलाला मैदानातून घालवून देणे हा त्यावरचा उपाय नव्हे. त्याचे ताट भरणे हा आहे, आणि तोवर मेहनत त्याच्या ताटाच्या बेताने ठेवणे.

त्यासाठी बदामच हवेत, असे नाही. रात्री मूठभर हरभरे भिजत घालावेत. निघताना एक केळे खावे, परतल्यावर ते हरभरे आणि जमल्यास पेलाभर दूध घ्यावे, आणि दुपारच्या जेवणात डाळ किंवा उसळ जाडसर असावी. ५० ग्रॅम कोरड्या हरभऱ्यांतून सुमारे १० ग्रॅम प्रथिने मिळतात. हा खर्च फार नाही. पण तो नियमाने व्हावा लागतो, आणि घरातील वडीलधाऱ्यांनी तो व्यायामाचाच एक भाग मानावा लागतो.

तात्पर्य, सकाळी खावे की न खावे, या प्रश्नाचे उत्तर सकाळी सापडत नाही. ते आदल्या रात्रीच्या ताटात असते. ज्याचे ताट पुरेसे होते आणि पचले आहे, त्याने अनशापोटी खुशाल फिरावे. ज्याचे अपुरे होते, त्याने काहीतरी खाऊनच निघावे. आणि ज्याचे अति झाले, त्याने त्या दिवशी मेहनत बेताची करावी. नव्या मुलाला हौद्यात उतरविण्यापूर्वी जाणता वस्ताद एवढेच विचारतो, "काल रात्री काय जेवलास?" मैदानावर मुलांना धावावयास लावणाऱ्या प्रत्येकाने हा प्रश्न रोज विचारावा, आणि उत्तर ऐकून घेतल्यावरच शिटी वाजवावी.