रातकिड्यांचा ठेका : एकी की चढाओढ?



पावसाळ्यात मगरिबच्या नमाजानंतर घरी परतताना कुंपणातली किरकिर तुम्ही सर्वांनीच ऐकली आहे. ओरडतो तो नर रातकिडा. आणि तोही तोंडाने नव्हे. एका पुढच्या पंखाच्या कानशीसारख्या दातेरी शिरेवर तो दुसऱ्या पंखाची कड घासतो. त्याचे कान पुढच्या पायांवर असतात, हे सांगितले की वर्गात हमखास हशा पिकतो.

अमेरिकेत झाडांवर राहणारा एक फिकट रंगाचा रातकिडा आहे. त्याचे शेजारशेजारचे नर एकाच ठेक्यात गातात. हे कसे साधते, ते थॉमस वॉकर यांनी १९६९ साली दाखवले. शेजाऱ्याची हाक आपल्या आधी आली, तर नर आपली हाक आणि तिच्यामागची विश्रांती आखडती घेतो. नंतर आली, तर पुढची हाक लांबणीवर टाकतो. एकदोन हाकांत ताल जुळतो.

मी हे बरीच वर्षे एकीचे उदाहरण म्हणून शिकवीत आलो. त्यात घाई झाली, हे आज तुमच्यापुढे कबूल करतो.

१९९३ साली ग्रीनफील्ड आणि रोइझेन यांनी मध्य अमेरिकेतील एका लांब मिशांच्या नाकतोड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन सारख्याच हाका जवळजवळ एकदम आल्या, तर मादी निमिषभर आधी सुरू झालेल्या हाकेकडे वळते. मागून आलेली हाक वाया जाते. म्हणून दुसऱ्याची हाक कानी पडताच नर आपली हाक रोखतो आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून धरतो. प्रत्येकाची धडपड मागे न पडण्याची. त्या धडपडीतून सगळ्यांचा ताल आपोआप एक होतो. म्हणजे आपण ज्याला समूहगान म्हणतो, ती मुळात शर्यत! वॉकर यांच्या रातकिड्यालाही हेच कारण लागू आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. पुन्हा तीच घाई नको.

आपल्या दक्षिण भारतातील झाडावरच्या एका रातकिड्याची युक्ती तर निराळीच. तो पानाला मधोमध भोक पाडतो, त्यात डोके खुपसतो आणि पंख पानाला टेकवून गातो. पानामुळे आवाज कितीतरी मोठा होतो. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी २०२० साली दाखवले, की ही खटपट मुख्यत्वे लहान अंगाचे आणि बारीक आवाजाचे नर करतात. माद्या मोठ्या आवाजाकडे जातात, आणि हा आवाज पानाचा की पंखांचा, हे त्यांना ओळखता येत नाही. ज्यांचा गळा, म्हणजे पंख, मुळातच दणदणीत, ते पानाच्या वाटेला सहसा जात नाहीत.